कागदावरचे वॉट, हॉलमधला आवाज

होम ऑडिओ रिसीव्हर म्हणजे रेडिओचा ट्यूनर, प्रीअ‍ॅम्प्लिफायर आणि पॉवर अ‍ॅम्प्लिफायर एकाच पेटीत बसवलेले यंत्र. एव्ही रिसीव्हरमध्ये त्यात डिजिटल प्रोसेसर आणि पाच-सात चॅनेलांची भर पडते. रिसीव्हरची चाचणी टेबलावर होते. स्पीकरच्या जागी ८ ओहमचा रेझिस्टर जोडायचा, आत १ किलोहर्ट्झचा शुद्ध सूर सोडायचा आणि बाहेर आलेल्या सिग्नलमध्ये त्या सुराखेरीज आणखी काय मिसळले आहे ते तपासायचे. सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांची जी भेसळ सापडते तिची बेरीज म्हणजे टोटल हार्मोनिक डिस्टॉर्शन, थोडक्यात टीएचडी. शिवाय फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स, सिग्नल आणि खरखर यांचे गुणोत्तर, आणि आवाज फुटण्याआधी मिळणारे वॉट. या आकड्यांवरून घरातला आवाज सांगता येतो का, याचे उत्तर कोणता आकडा हातात आहे यावर ठरते.

सर्वांत फसवा आकडा वॉटचा. भारतात एके काळी साध्या टेप-रेकॉर्डरच्या खोक्यावरही शेकडो ‘पीएमपीओ’ वॉट छापलेले असत. क्षणभराच्या उसळीवर बेतलेल्या या आकड्याला मोजमापाची ठरलेली रीत नव्हती, त्यामुळे तो निव्वळ जाहिरातीचा होता. अमेरिकेत अशाच अतिशयोक्तीला आळा घालण्यासाठी १९७४ मध्ये सरकारी नियम करावा लागला. आजच्या एव्ही रिसीव्हरवरचे ‘७ चॅनेल, १०० वॉट’ही बऱ्याचदा फक्त दोन चॅनेल चालवून मोजलेले असतात. सातही एकदम चालवले की एकच पॉवर सप्लाय सगळ्यांना पुरत नाही. तरीही याने फार घाबरण्याचे कारण नाही, कारण कानाचे गणित वेगळे आहे. वॉट दुप्पट केले तर फक्त ३ डेसिबलची वाढ होते. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. म्हणून ८० आणि १०० वॉटच्या रिसीव्हरमधला फरक किमतीत दिसतो, कानाला जवळजवळ नाही.

टीएचडीची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. ट्रान्झिस्टरचे अ‍ॅम्प्लिफायर आले तेव्हा त्यांचे टीएचडी व्हॉल्व्हच्या यंत्रांहून कितीतरी कमी भरत होते, पण पुष्कळांना त्यांचा आवाज कर्कश वाटे. मातब्बर मंडळी ‘मीटर काही सांगू शकत नाही’ असे म्हणू लागली ती तेव्हापासून. दोष मात्र मीटरचा नव्हता, प्रश्न चुकीचा विचारला जात होता. फिनलंडचे मत्ती ओटाला यांनी १९७० मध्ये दाखवून दिले की स्थिर सुरावर निर्दोष ठरणारा अ‍ॅम्प्लिफायर झटक्यात उसळणाऱ्या सिग्नलवर अडखळू शकतो. शिवाय सगळी भेसळ कानाला सारखीच खुपत नाही. दुसरा हार्मोनिक म्हणजे वरच्या सप्तकातला तोच मूळ सूर असतो, तो सुरात मिसळून जातो; सातवा, नववा मात्र बोचतो. बीबीसीच्या डी. ई. एल. शॉर्टर यांनी १९५० मध्येच वरच्या हार्मोनिकांना जास्त वजन द्यावे असे सुचवले होते. अर्ल गेडेस आणि लिडिया ली यांनी २००३ मध्ये श्रोत्यांवर प्रयोग केले, तेव्हा टीएचडीचा आकडा आणि ऐकणाऱ्यांचा कौल यांत उपयोगाचा मेळ आढळला नाही. इतके असूनही भेसळीसाठी खोक्यावर अजून तोच एकटा आकडा छापला जातो.

मग चांगल्या मोजमापाचे दोन अ‍ॅम्प्लिफायर एकसारखे वाजतात का? ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ मासिकाने जानेवारी १९८७ मध्ये याची परीक्षा छापली. सुमारे २२० डॉलरच्या पायोनियर रिसीव्हरपासून १२,००० डॉलरच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरपर्यंतची यंत्रे, तुलना होणाऱ्या दोघांचा आवाज बरोबरीला आणलेला आणि कोणते वाजते आहे हे ऐकणाऱ्यांना माहीत नाही. त्यांना फरक ओळखता आला नाही. बरोबरीला आणण्याची अट महत्त्वाची आहे, कारण किंचित मोठा आवाज कानाला ‘अधिक चांगला’ वाटतो, आणि दुकानातल्या तुलनेत नेमकी हीच अट पाळली जात नाही.

त्याआधी १९८५ मध्ये अ‍ॅम्प्लिफायरचे निर्माते बॉब कार्व्हर यांनी ‘स्टिरिओफाइल’ मासिकाचे आव्हान स्वीकारले होते. आपल्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरचा आणि एका महागड्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचा आउटपुट एकमेकांतून वजा करत, उरलेला फरक जवळजवळ नाहीसा होईपर्यंत त्यांनी आपले यंत्र बदलत नेले. शेवटी समीक्षकांनाही दोन्ही वेगळे सांगता येईनात. व्हॉल्व्हच्या ‘उबेचा’ बराच भाग मोजता येतो. अशा यंत्राचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे बाहेर पडणाऱ्या सिग्नलला होणारा विजेचा अडथळा, जास्त असतो, आणि स्पीकरचा इम्पिडन्स प्रत्येक फ्रिक्वेन्सीला बदलत असल्याने आवाजाचा तोलही बदलतो. ८ ओहमच्या निश्चल रेझिस्टरवर हे दिसतच नाही.

स्पीकरच्या बाबतीत मोजमापाने खरी बाजी मारली आहे. कॅनडात ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांनी आंधळ्या चाचण्यांतून पाया घातला. त्यावर शॉन ऑलिव्ह यांनी २००४ मध्ये निव्वळ प्रयोगशाळेतल्या आलेखांवरून श्रोत्यांची पसंती वर्तवणारे सूत्र मांडले. ७० स्पीकरांवर त्याचा सहसंबंध ०.८६ भरला. एखाद्या मानवी आवडीबद्दल इतके अचूक भाकीत क्वचितच जमते.

आता हा रिसीव्हर नागपुरातल्या हिंगणा रोडवरच्या एखाद्या फ्लॅटमधल्या १० बाय १२ फुटांच्या हॉलमध्ये ठेवला, तर काय उरते? १२ फूट लांबीमुळे सुमारे ४७ हर्ट्झवर आणि १० फूट रुंदीमुळे ५६ हर्ट्झवर खोली स्वतःच घुमते. टाइल्सची फरशी, काँक्रीटचा स्लॅब आणि लोखंडी कपाट वरच्या सुरांना शोषत नाहीत, परतवतात. रिसीव्हरच्या फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्समधला अर्ध्या डेसिबलचा फरक इथे कुठल्या कुठे बुडून जातो. मे महिन्यात कूलर सुरू असला की खरखरीचे गुणोत्तर ९० की १०० डेसिबल हा प्रश्नच उरत नाही. व्होल्टेज २३० वरून २०० वर उतरले, तर साध्या पॉवर सप्लायच्या रिसीव्हरची ताकद जवळपास चतुर्थांशाने घटते, पण तेही जेमतेम सव्वा डेसिबलच. नागपूरचा ४५ अंशांचा उन्हाळा मात्र ऐकू येतो. बंद टीव्ही-कॅबिनेटमध्ये कोंबलेला रिसीव्हर तापून थर्मल प्रोटेक्शनमध्ये जातो आणि गाणे मधेच बंद पडते.

रेडिओचेही तसेच. आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाहिनीसाठी १९८८ मध्ये नागपुरात १,००० किलोवॉटचा मीडियम वेव्ह ट्रान्समीटर सुरू झाला. इतक्या बलाढ्य स्टेशनाजवळ ट्यूनर किती क्षीण सिग्नल पकडतो याला महत्त्व नसते. शेजारचे जोरदार स्टेशन तो किती बाजूला सारू शकतो, हे पाहावे लागते. एफएमचा प्रसारित आवाज तर १५ किलोहर्ट्झलाच थांबतो, मग रिसीव्हर २० किलोहर्ट्झपर्यंत जाण्याचा रेडिओपुरता फायदा काय?

म्हणूनच एव्ही रिसीव्हरबरोबर बहुधा येणारा छोटा मायक्रोफोन खोक्यावरच्या आकड्यांपेक्षा जास्त मोलाचा आहे. स्पीकरमधून चाचणीचे सूर वाजवून तो बसण्याच्या जागीच मोजमाप घेतो आणि रिसीव्हर त्यानुसार आवाज दुरुस्त करतो. खोलीचे घुमणे त्याला बऱ्यापैकी दाबता येते. पण जिथे लाटा एकमेकींना मारतात तिथला खड्डा भरता येत नाही: १० डेसिबल भर घालायची तर दहापट वॉट लागतात, आणि तेही त्याच जागी पुन्हा नाहीसे होतात. तिथे सोफा दोन फूट पुढे सरकवणे अधिक स्वस्त पडते.