बुवा मुंबईत, पखवाज पोलादपुरात

महाड व पोलादपूर तालुक्यांतील वाड्यावाड्यांतून भजनी मंडळे आहेत, बाल्या नाचाचे संच आहेत. परंतु त्यांतील कित्येक गायक-वादक पोटापाण्यासाठी मुंबईस असतात. गणपती-शिमग्याला चाकरमानी गावी आले की टाळ-मृदंग घुमतो. एरवी बुवा मुंबईच्या खोलीत आणि पखवाजवादक डोंगरातल्या वाडीत. मोबाईलवर एकमेकांची तोंडे दिसतात, मग तालीमही त्यावरच का होऊ नये, असा प्रश्न साहजिकच पडतो.

अडचण अंतराची नाही. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. मुंबई-महाड हा पल्ला त्याला जेमतेम एका मिलिसेकंदाचा. विलंब होतो तो आवाजाचे तुकडे करणे, मोबाईलच्या जाळ्यातून ते धाडणे आणि पलीकडे पुन्हा जोडणे यांत. साध्या व्हिडिओ कॉलमध्ये एका बाजूने दीड-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. बिनतारी इअरफोन त्यात भर घालतो. संभाषणात हे खपते. सहवादनात मात्र सुमारे २५ ते ३० मिलिसेकंदांपलीकडे मेळ विस्कटू लागतो. सभामंडपात दहा मीटरवर बसलेल्याचा आवाज आपल्यापर्यंत येण्यास साधारण एवढाच वेळ लागतो.

हिशेब मांडून पाहावा. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. पखवाजाचा बोल बुवांना २०० मिलिसेकंद उशिरा पोहोचला व त्यांचे गाणे तितक्याच उशिराने परतले, तर वादकाला बुवा जवळजवळ एक मात्रा मागे ऐकू येतात. तो त्यांच्यासाठी थांबतो, तेही थांबतात, आणि लय चिखलात रुतलेल्या गाडीसारखी होते. त्यातून कॉलची यंत्रणा टाळांना गोंगाट समजून दाबून टाकते, ते वेगळेच.

२००५ साली निघालेल्या निंजाम या प्रणालीने यावर मजेदार तोड काढली: विलंब कमी न करता तो पूर्ण आवर्तनाएवढा वाढवायचा. प्रत्येकजण इतरांचे मागील आवर्तन ऐकत वाजवतो. चक्राकार ठेक्याला हे चालते; बुवांच्या ओळीला तत्काळ उत्तर देणाऱ्या कोरसला नाही.

म्हणून आमच्या मते आपल्याकडे दुसरा मार्गच व्यवहार्य आहे. एकत्र वाजवायचे नाही, एकावर एक नोंदवायचे. अमेरिकन संगीतकार एरिक व्हिटेकर यांनी २०१० साली १२ देशांतील १८५ गायकांचे आवाज असेच घरोघरी नोंदवून एक गायकवृंद उभा केला. २०२० साली ही संख्या १२९ देशांतील १७,५७२ वर गेली. वाडीतील वादकाने प्रथम ठेका नोंदवावा, आरंभी मात्रा मोजून एक टाळी द्यावी. बुवांनी तो तारेच्या इअरफोनवर ऐकत केवळ आपला आवाज नोंदवावा. ध्वनिफीत व्हॉइस मेसेज म्हणून न पाठवता मूळ फाइल म्हणून पाठवावी. नाहीतर आवाज दाबला जातो. टाळ्या जुळवल्या की ठेका जुळतो. जोडणीसाठी ऑडॅसिटी हे विनामूल्य सॉफ्टवेअर पुरते. ज्येष्ठ बुवांच्या चाली अशा रीतीने स्वतंत्रपणे जतन होतात, हा लाभ आम्हांस तालमीहूनही मोठा वाटतो.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. ध्वनिफीत मुंबईत जोडली जाते, तेथूनच प्रसारित होते, आणि वाडीतील पखवाजवाल्याचे नाव गळते. कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीनुसार सादरकर्त्याला आपले नाव लावले जाण्याचा हक्क आहे. तेव्हा फाइल पाठवतानाच सर्वांची नावे, गावे, कोणी काय वाजवले आणि मिळकत झाल्यास तिची वाटणी कशी, हे एका कागदावर लिहून त्यावर सर्वांच्या सह्या घ्याव्यात.