ताठ उभा राहा – इटालियनमध्ये!

लहान मूल बोलू लागण्यापूर्वी कितीतरी महिने 'ये', 'बस', 'टाळ्या वाजव' अशा आज्ञा ऐकते आणि शरीराने त्यांना उत्तर देते. म्हणजे समजणे आधी येते, बोलणे नंतर. कॅलिफोर्नियातील मानसशास्त्रज्ञ जेम्स अॅशर यांनी १९६०च्या दशकात नेमक्या याच गोष्टीवर परभाषा शिकविण्याची एक पद्धत उभी केली. शिक्षक आज्ञा देतो व ती कृती स्वतः करून दाखवतो. विद्यार्थी कृती करतात. बोलण्याची सक्ती नसते. अॅशर यांनी रशियन व जपानी भाषांसाठी असे प्रयोग केले.

आपण इटालियन घेऊन पाहू. 'आल्त्साती' म्हणजे ऊठ, 'सिएदिती' म्हणजे बस. 'आल्त्साती'मधील 'त्स' आपल्या 'चमचा'तील 'च'सारखा, तर इटालियन 'त' आपल्या 'त'सारखाच दंत्य आहे.

मुलाला 'ताठ उभा राहा' सांगायचे तर 'स्ताय द्रित्तो', मुलीला 'स्ताय द्रित्ता', अनेकांना 'स्ताते द्रित्ती'. आपल्या 'उभा, उभी, उभे'ची आठवण झाली ना? 'हाताची घडी घालू नकोस' हे 'नोन इन्क्रोचारे ले ब्राच्चा' असे होते. एकाच व्यक्तीला 'तू' म्हणून नकार देताना इटालियन क्रियापद आज्ञार्थी रूप सोडते. मराठीतही 'घाल'चे 'घालू नकोस' होते! मोठ्या माणसाला मात्र 'सिएदिती' म्हणत नाहीत. 'सी सिएदा' म्हणतात. हे रूप आज्ञेचे नसून इच्छेचे आहे, जसे आपले 'बसावे'.

ही सारी रूपे पाठ करण्यापेक्षा करून का शिकावीत? 'हात वर कर' हे नुसते ऐकण्यापेक्षा प्रत्यक्ष करून पाहिले तर ते अधिक चांगले आठवते, असे स्मरणशक्तीवरील प्रयोगांत दिसून आले आहे. शब्द थेट हालचालीशी जोडला जातो. मध्ये भाषांतराची पायरी लागत नाही. बोलण्याची भीती वाटणारे मूलही वर्गाबाहेर पडत नाही, कारण त्याचे उत्तर त्याच्या हातापायांत असते.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. 'न्याय' किंवा 'काल' हे शब्द उठून-बसून शिकविता येणार नाहीत. दुसरे म्हणजे, मुले शेजाऱ्याची नक्कल करतात. म्हणून थोड्या सरावानंतर शिक्षकांनी स्वतः कृती करणे थांबवावे, मुलांना डोळे मिटायला सांगावे आणि आज्ञांचा क्रम बदलावा. शिकविलेल्या शब्दांची नवी जुळणीही करावी: 'हात वर' आणि 'पाय पुढे' आल्यावर 'पाय वर' म्हणून पाहावे. जो पूर्वी न ऐकलेली आज्ञा पाळतो, त्याला भाषा कळली. जो अडखळतो, त्याने फक्त कवायत पाठ केली.

इटालियनच हवी असे नाही. इंग्रजी, कन्नड किंवा कोकणीच्या दहा आज्ञा घेऊन उद्याच्या तासाला हा प्रयोग करून पाहा.