आरशाच्या भोकातून

परवा एका ओपीडीत डोकावलो. कान दुखणाऱ्या आजी भिंतीवरच्या एंडोस्कोपच्या स्क्रीनकडे बघत होत्या, शिकाऊ डॉक्टरही स्क्रीनकडेच. आजींच्या कानाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. कोपऱ्यातल्या बुल्स लॅम्पवर, म्हणजे आरशाने कान बघताना लागणाऱ्या दिव्यावर, कुणीतरी एप्रन अडकवला होता.

मधोमध भोक असलेला आरसा हॉफमनने जर्मनीत 1841 साली कानासाठी वापरला, 1864 मध्ये सिगलने हवा दाबायचं स्पेक्युलम, म्हणजे कानात घालायची नळी, काढलं, पुढे बॅटरीवरचा ऑटोस्कोप आला. ते सगळं पुस्तकात आहे, ज्याला हवं त्याने वाचावं.

माझं दशक ऐंशीचं. मुंबईतलं सरकारी रुग्णालय, पावसाळा, आणि कानात बुरशी घेऊन आलेली लांबलचक रांग: भिजलेल्या वर्तमानपत्रासारखा लगदा, वर काळे ठिपके. मायक्रोस्कोप होता, पण साहेबांच्या कुलपात. पोरं बिघडवतील म्हणे! बिघडला नाही खरा. वापरलाच नाही तर बिघडणार कसा? आमच्या वाट्याला आरसा. दिवा रुग्णाच्या डाव्या खांद्यामागे, भोक आपल्या डोळ्यासमोर. मोठ्यांचा कान वर आणि मागे ओढायचा, तान्ह्यांचा खाली आणि मागे. ती जेमतेम अडीच सेंटिमीटरची वाकडी वाट सरळ झाली की मोतिया-करडा पडदा दिसे, त्यावर हातोडीच्या हाडाचा दांडा, आणि उजव्या कानात घड्याळातल्या पाचच्या जागी प्रकाशाचा त्रिकोण. स्पेक्युलम आत सरकलं की एखादा खोकायचा. व्हेगस नर्व्हची एक फांदी तिथवर येते ना. मग सिगलचा रबरी फुगा हलकेच दाबायचा. पडदा हलला तर बरं. हलला नाही तर मागे पाणी साठल्याची शंका घ्यायची.

एंडोस्कोपने कोपरे आमच्यापेक्षा छान दिसतात, हे नाकारत नाही. पण फुगा आता कोण दाबतो? पडद्याच्या वरच्या टोकाला चिकटलेली खपली स्क्रीनवर लख्ख दिसते, तिला ‘मळ’ म्हणून पुढे जातात. तिच्यामागे हाड खाणारा कोलेस्टिटोमा असू शकतो, हे ती उचलल्याशिवाय कळत नाही. 512 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क तर खणातच पडलेला. ऐकू कमी येतंय म्हटलं की थेट ऑडिओग्रामची चिठ्ठी.

आता तर कान कोरायचे कॅमेरेही ऑनलाइन मिळतात. गेल्या आठवड्यात एका तरुणाने मोबाइलवर स्वतःच्या कानाचा व्हिडिओ दाखवला. त्याच कॅमेऱ्याच्या चमच्याने मळ पार पडद्यापर्यंत ढकललेला. म्हटलं, ‘‘इकडे वळा, कान बघू.’’ तर म्हणाला, ‘‘आत्ताच बघितलात की, डॉक्टर!’’