दोन दुष्काळ आणि एक श्रद्धा

आमच्या मावळात ख्रिस्ती मंडळींच्या प्रार्थनासभेत कुणी साक्ष द्यायला उभं राहिलं की सुरुवात बहुधा संकटापासूनच होते. आजारपण, सुटलेली नोकरी, घरातला मृत्यू, आणि मग प्रभूने कसं सावरलं. ऐकणाऱ्याच्या मनात हळूहळू एक हिशेब पक्का होतो, की दुःख आलं म्हणजे विश्वास वाढणारच. कुसगावच्या अंगाने पुण्याकडे जाणारा लोहमार्ग पुढे दौंडच्या वाटेवर केडगावला पोचतो. तिथे मुक्ती मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंचं आयुष्य वाचलं की हा हिशेब काही जुळत नाही. दुःखाने त्यांची श्रद्धा आधी मोडली होती.

रमाबाईंचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणं सांगत तीर्थोतीर्थी फिरत. बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवण्याचं धाडस करणारा हा माणूस भिक्षा किंवा मजुरी मात्र पत्करायला तयार नव्हता. १८७४च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. जवळचा पैसा व्रतं, दानं, अनुष्ठानं यांत संपला. शेवटी घरातली भांडीही गेली आणि कुटुंब मरायचं म्हणून रानात शिरलं. पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर त्यांनी अकरा दिवस काढले. त्यानंतर काही महिन्यांच्या आत वडील, आई आणि थोरली बहीण तिघंही गेली. उरली रमा आणि भाऊ श्रीनिवास.

ही दोघं पायी हिंडत पंजाबापर्यंत गेली. झेलमच्या काठी थंडीत पांघरायला काही नव्हतं, म्हणून वाळूत थडग्यासारखे खड्डे खणून, डोकं तेवढं बाहेर ठेवून, कोरडी वाळू अंगावर ओढून झोपावं लागलं. रमाबाईंनी हे पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे. इतकं सगळं विधिवत करूनही देव का पावला नाही, हा प्रश्न त्या मुलीने टाळला नाही. १८७८ साली कलकत्त्यात पंडितांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, तेव्हा आईवडिलांकडून आलेली श्रद्धा आतून ओसरत चालली होती.

पुढची वर्षंही तशीच गेली. १८८०मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधवी यांच्याशी लग्न झालं. १८८२मध्ये पतीही पटकीने गेले. कडेवर लहानगी मुलगी मनोरमा. १८८३ साली डॉक्टर व्हायचं म्हणून रमाबाई इंग्लंडला गेल्या, पण ऐकू कमी येत असल्याने तो मार्गही बंद झाला. वाँटेज इथल्या मठात त्या राहत होत्या. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथे आत्महत्या केली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २९ सप्टेंबर १८८३ला, रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या भगिनींनी त्यांना फुलहॅमचा आश्रम दाखवला होता. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तिथे माणूस म्हणून वागवलं जात होतं, आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट त्यांना तिथे नव्याने समजली.

बाप्तिस्म्यानेही प्रश्न मिटले नाहीत. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा पत्रांतून चाललेला वाद वाचावा. त्रैक्याचा सिद्धांत निमूट स्वीकारायला त्या तयार नव्हत्या आणि पाद्र्यांचा शब्द प्रमाण मानणंही त्यांना जमत नव्हतं. मला या अडून बसण्यातच त्यांच्या विश्वासाचा कणा दिसतो. ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असं त्यांनी बाप्तिस्म्यानंतरच्या आठ वर्षांबद्दल पुढे कबूल केलं. तो उलगडा झाला १८९१च्या सुमारास. त्यापाठोपाठ १८९३ साली पुण्यात वादळ उठलं. भारतात परतल्यावर रमाबाई चालवत असलेल्या शारदा सदन या संस्थेतल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेत बसतात म्हणून पालकांनी त्यांना काढून नेलं, आणि रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडलं. त्यांचीही बाजू होती. संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असा त्यांचा समज होता.

मग आला १८९६-९७चा दुष्काळ. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. तिथली हाडं उरलेली पोरं पाहताना त्यांना स्वतःचेच जुने दिवस दिसले. मुलींना त्या पुण्याला घेऊन आल्या, पण प्लेगच्या नियमांमुळे एवढ्या जणींना शहरात ठेवता येईना. म्हणून केडगावच्या शेतावर तंबू आणि झोपड्या पडल्या. १९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. विणकाम, शिवण, शेती, दुभती जनावरं, तेलाचा घाणा, छापखाना, सगळं मुलींनीच चालवलं. अंध मुलींना मनोरमा ब्रेल शिकवत. फुलहॅममध्ये पाहिलेलं ‘कृपा सदन’च्या रूपाने इथे उभं राहिलं. १९०५ साली मुक्तीत झालेल्या प्रार्थनेच्या जागृतीबद्दल जगभरच्या पेंटेकोस्टल मंडळींत आजही बोललं जातं. मला विचाराल तर रमाबाईंचा विश्वास मुरला तो त्याआधीच, उवा काढण्यात, पेज पाजण्यात आणि विहिरी खणण्यात. पहिल्या दुष्काळात देवाकडे मागून मिळालं नव्हतं. दुसऱ्यात देवासाठी द्यायला हाताशी काही होतं.

अखेरच्या वर्षांत त्या मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून पवित्र शास्त्र मराठीत आणत होत्या, खेड्यातल्या बाईला कळेल अशा साध्या मराठीत. १९२१च्या जुलैत मनोरमा गेली. संस्था जिच्या हाती सोपवायची, तीच. रमाबाईंचं काम मात्र थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या.

रमाबाईंच्याच काळात दुसरी एक बाई वेगळ्याच बाजूने पोळत होती. १८९५ साली कवी ना. वा. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा संसारच उसवला. त्यांच्या वाट्याला आलेलं दुःख नवऱ्याच्या श्रद्धेतूनच आलं होतं. काही वर्षं वेगळ्या राहून, सोवळ्याओवळ्याशी स्वतःच झगडून, १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, कुणी ओढलं म्हणून नव्हे. हे सारं ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्या इतक्या हसतखेळत सांगतात की वाचणाऱ्याला जखम उशिरा दिसते. टिळक १९१९मध्ये गेले, ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्याचे अकरा-एक अध्याय लिहून. शाळेचं तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे ६४ अध्याय लिहिले.