यकृताचा राखणदार : ग्लायसीन

पाटाचं पाणी तुटलं की उभं पीक माना टाकतं. यकृताचा रक्तपुरवठा थांबला, तर तिथंही तसंच घडतं. प्राणवायू मिळेनासा झाला की पेशीतील शक्तीचा साठा, म्हणजे एटीपी, आटतो. मग सोडियम आत शिरते, मागोमाग पाणी येते. पेशी फुगते आणि अखेर तिचे आवरण फाटते.

इथे ग्लायसीन कामी येते. प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांतले हे सर्वांत साधे, चवीला गोड. ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२० साली ते जिलेटिनपासून वेगळे काढले.

प्रयोगशाळेत यकृतपेशींचा प्राणवायू तोडला आणि द्रावणात ग्लायसीन घातले, तर एटीपी आटायचे ते आटतेच. पण आवरण बराच वेळ टिकते. असे का? निंजुरिन-१ या प्रथिनाचे रेणू आवरणात एकत्र जमून ते फाडतात. ग्लायसीन त्यांना जमू देत नाही, असे २०२२ साली दुसऱ्या प्रकारच्या पेशींत दिसून आले.

ग्लायसीन प्राणवायू देत नाही, फक्त सवड देते. रोपणासाठी काढलेले यकृत काही तास रक्ताविना राहते; तिथे या सवडीला मोल आहे. घरी कुणाला कावीळ झाली, तर मात्र पूड शोधत बसू नका, दवाखाना गाठा.