टप्प्याटप्प्याचा ‘डिटॉक्स’ आहार : लाभ किती, धोका किती?



गेल्या आषाढी एकादशीस दर्शनाच्या रांगेत एका वयस्क भाविकांस दरदरून घाम फुटला व भोवळ आली. चौकशी करता समजले की, वजन उतरविण्यासाठी ते तीन दिवसांपासून लिंबूपाणी व भाज्यांच्या रसावर होते. मधुमेहाची गोळी मात्र नेहमीप्रमाणे चालू होती. वेळीच साखरपाणी दिल्यामुळे ते सावरले. त्यानंतर मेहकर व आसपासच्या गावांतील अनेकांनी आमच्याकडे या आहाराविषयी विचारणा केली. त्यांच्यासाठी ही माहिती येथे देत आहोत.

मूळ कल्पना

निसर्गोपचारात आहाराचे तीन प्रकार मानले जातात. पहिला शुद्धिकारक : लिंबूपाणी, शहाळे, भाज्यांचे सार, ताक. दुसरा शामक : फळे, कोशिंबीर, उकडलेल्या भाज्या, मोड आलेली कडधान्ये. तिसरा पुष्टिकारक : भाकरी, हातसडीचा भात, डाळ, दही. महात्मा गांधी मार्च १९४६ मध्ये पुण्याजवळील उरुळीकांचन येथे आले आणि तेथे निसर्गोपचार आश्रमाचा आरंभ झाला. पुढे मणिभाई देसाई यांनी तो नावारूपास आणला. अशा ठिकाणी रुग्ण राहून उपचार घेतात व त्यांच्या प्रकृतीवर जाणकारांची देखरेख असते. हल्ली मोबाईलवरून पसरणारे सात, दहा किंवा एकवीस दिवसांचे कार्यक्रम बहुधा याच धर्तीचे असतात. टप्पे तेवढे उचलले जातात, देखरेख मागे राहते. खरी अडचण तीच आहे.

वजन का उतरते?

आपल्या यकृतात व स्नायूंत ग्लायकोजेन या रूपाने साखरेचा साठा असतो. त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. अन्न तुटताच हा साठा प्रथम खर्च होतो आणि पाणीही निघून जाते. म्हणून पहिल्या काही दिवसांत काटा झपाट्याने खाली येतो. चरबीचा हिशेब मात्र निराळा आहे. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. दररोज ५०० कॅलरी कमी घेतल्या, तरी एक किलो चरबी उतरण्यास सुमारे पंधरा दिवस लागतात. पूर्ववत जेवण सुरू होताच पाण्याचे वजन परत येते आणि मनुष्य निराश होतो.

शुद्धीचे काम कोण करते?

ते काम यकृत व मूत्रपिंडे अहोरात्र करीतच असतात. निरोगी मूत्रपिंडांतून दिवसाकाठी सुमारे १८० लीटर द्रव गाळला जातो. रसपानाने हे कार्य अधिक वेगाने होते, यास भक्कम पुरावा नाही. तरीही तळलेले पदार्थ, साखर व वरचेवरचा चहा सुटतो आणि भाज्या पोटात जातात, हा लाभ आम्ही नाकारीत नाही.

दोष व धोके

१. रसाच्या टप्प्यात प्रथिने फार कमी मिळतात. त्यामुळे चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

२. वजन फार झपाट्याने उतरल्यास पित्ताशयात खडे होण्याचा संभव वाढतो.

३. इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर धोकादायक रीतीने उतरू शकते. उलटपक्षी, फळांच्या रसाने ती एकदम चढूही शकते.

४. मूत्रपिंडाच्या रुग्णांस शहाळे व फळांच्या रसांतील पोटॅशियम हृदयापर्यंत घातक ठरू शकते.

५. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असता अन्न तोडल्यास चक्कर येऊ शकते.

गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या माता, वाढत्या वयाची मुले, अशक्त वृद्ध व वरील रुग्ण यांनी हा प्रयोग आपल्या मनाने मुळीच करू नये. घाम, हातांचा कंप किंवा डोळ्यांपुढे अंधारी आल्यास, रुग्ण शुद्धीवर असेल तर त्वरित साखर द्यावी व डॉक्टरांकडे न्यावे.

मग करावे काय?

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शनानुसार आठवड्यास अर्धा किलो वजन उतरणे सुरक्षित होय आणि वजन घटविण्याचा आहारही दिवसाला १,००० कॅलरींच्या खाली नसावा. आपल्या बीदर भागात ज्वारी, तूर, मूग, उडीद शेतातच पिकतात. भाकरी एखादी कमी करून वरण, उसळ, पालेभाजी व ताक वाढवावे, तेल-साखर आवरावी आणि रोज चालावे. यास वेगळा खर्च नाही.

एकादशीचा उपवास हे व्रत आहे, वजन उतरविण्याचा उपाय नव्हे. साबुदाण्याची खिचडी व शेंगदाण्याचे लाडू खाऊन वजन घटतही नाही. ज्यांना औषधे चालू आहेत त्यांनी व्रतापूर्वीही डॉक्टरांस विचारावे आणि गोळी परस्पर बंद करू नये. प्रकृतीमुळे उपवास न घडल्यास मनात खंत बाळगू नये, अशी सर्वांस नम्र विनंती.

आपला नम्र,
सचिव, विश्वस्त मंडळाच्या वतीने