घरच्या कुत्र्या-मांजरांची ऋतुचर्या

आपल्या समाजातील घरांत कुत्रे किंवा मांजर असणे आता नवलाचे राहिलेले नाही. पूर्वी वाड्याच्या दारात बसणारा कुत्रा शिळ्या पोळीवर जगे. त्याला बरे नसले तर दोन दिवस कोपऱ्यात पडून राही आणि उठला तर उठला. आज तोच प्राणी मुलांबरोबर घरात वाढतो, पलंगाखाली झोपतो. म्हणूनच सभासदांकडून एक प्रश्न वारंवार येतो: फार औषधे न देता, नैसर्गिक पद्धतीने याला दीर्घकाळ निरोगी कसे ठेवायचे?

हा प्रश्न इंदूरपेक्षा पीपलरावां, सोनकच्छ अशा गावांतील कुटुंबांना जास्त लागू पडतो. गावच्या पशुदवाखान्याचा भर साहजिकच गाई-म्हशींवर असतो. कुत्र्याची रक्ततपासणी किंवा एक्स-रे करायचा तर देवास, इंदूर किंवा महू गाठावे लागते. महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५५ पासून आहे, तिथे जाणकार मंडळी आहेत. पण तापाने फणफणलेले जनावर घेऊन तो प्रवास करण्याची वेळ न येणे हेच बरे.

आजार होण्याआधीच काळजी घ्यावी हा विचार आपल्या भागाला नवा नाही. धारच्या राजा भोजाच्या नावावर ‘शालिहोत्र’ हा अश्ववैद्यकाचा संस्कृत ग्रंथ आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तो १९५३ मध्ये ए. द. कुलकर्णी यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केला. अश्ववैद्यकाच्या या जुन्या परंपरेत रोगांच्या जोडीने घोड्याला कोणत्या ऋतूत काय चारावे, कसे राखावे याचाही विचार आहे. ज्यांचे राज्यच घोड्याच्या पाठीवर उभे राहिले त्या पवारांच्या धार-देवासात हे कोणाला समजावून सांगावे लागले नसेल. आम्हीही ‘नैसर्गिक’ याचा अर्थ असाच घेतो. पाला, तेल, लेप यांपेक्षा रोजचे खाणे, फिरणे, स्वच्छता आणि ऋतूप्रमाणे सावधगिरी. लसही त्यातच आली. ती शरीराच्या स्वतःच्या शक्तीलाच तयार करते.

आधी खाणे, कारण चूक बहुतेक घरांत इथेच होते. दूध-पोळी हे कुत्र्याचे पूर्ण अन्न नव्हे. त्यात प्रथिने कमी पडतात, आणि मोठ्या झालेल्या अनेक कुत्र्यांना दूध पचत नाही, पोट सैल राहते. मऊ वरण-भात, त्यात उकडलेले अंडे, पनीर किंवा चिकन, थोडे शिजवलेले गाजर किंवा भोपळा असे जेवण चांगले. रोज घरचेच देणार असाल तर प्रमाण एकदा पशुवैद्याला विचारून ठरवावे. मोठ्या जातीच्या पिलांना हौसेने कॅल्शियमचे टॉनिक पाजू नये, जास्त झालेले कॅल्शियम हाडांची वाढ बिघडवते. शिजवलेली हाडे टोकदार फुटतात, ती कधीच देऊ नयेत.

माळव्याच्या स्वयंपाकघरातले धोके निराळेच आहेत. रविवारी दाल-बाफले झाले की तुपात बुडवलेला उरलासुरला बाफला कुत्र्यासमोर जातो. इतके तूप एकदम पोटात गेले की स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. उलट्या, पोटदुखी, कधी जिवावरचे दुखणे. सकाळच्या पोह्यांत कांदा असतो आणि शेवेत लसूण. कांदा-लसूण कुत्र्या-मांजरांच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात, मांजरांना तर थोडाही बाधतो. जंतांसाठी लसूण चारण्याचा सल्ला आजही ऐकू येतो, तो ऐकू नये. शिऱ्यातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. चॉकलेटचे विष तर आता मुलांनाही माहीत झाले आहे.

मांजराची गोष्ट वेगळी. ते पक्के मांसाहारी आहे. टॉरिन नावाचा एक घटक त्याला अन्नातूनच मिळावा लागतो आणि तो मांस-मासळीत असतो, दूध-पोळीत जवळजवळ नाही. तो कमी पडला तर दृष्टी जाते, हृदय दुबळे होते. हृदयाचा हा संबंध कॅलिफोर्नियातील संशोधकांनी १९८७ मध्ये दाखवून दिला, आणि त्यानंतर मांजरांच्या तयार खाद्यातील टॉरिन वाढवले गेले. ज्या घरात सामिष शिजत नाही तिथे मांजरासाठी असे तयार खाद्य आणावे. आपले सोवळे मांजरावर लादण्यात अर्थ नाही.

उन्हाळ्याचे थोडक्यात. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच ते अंग थंड करते. वैशाखात फिरायला पहाटे किंवा दिवेलागणीनंतरच न्यावे. रस्त्यावर हाताची मागची बाजू ६-७ सेकंद ठेवता येत नसेल तर त्याचे पंजेही भाजणार. पग, हस्की अशा जाती इथल्या उन्हासाठी नाहीतच, घेण्याआधी विचार करावा. ऊन लागून कुत्रे कोसळले तर सावलीत घ्यावे, अंगावर साधे पाणी ओतत पंखा लावावा आणि मग दवाखान्यात न्यावे.

पावसाळ्यात खरी परीक्षा गोचिडांची. पावसाच्या दमट उबेत गोचीड झपाट्याने वाढते. तिच्या चाव्यातून एर्लिकिया, बबेसिया असे रक्ताचे रोग होतात. ताप, खाणे सोडणे, फिकट पडलेल्या हिरड्या, कधी नाकातून रक्त अशी लक्षणे दिसतात. अनेकांना माहीत नसते की गोचीड आयुष्याचा फार मोठा भाग कुत्र्याच्या अंगावर नसतेच. पोट भरलेली मादी खाली उतरते आणि भिंतीच्या भेगांत, खाटेच्या सांध्यांत हजारो अंडी घालते. म्हणून केवळ कुत्र्याला आंघोळ घालून काही होत नाही. भेगा लिंपणे, गोधडी दर आठवड्याला गरम पाण्यात धुणे, कडक उन्हात वाळवणे हाच अर्धा इलाज. उरलेला अर्धा म्हणजे पशुवैद्याने वजन पाहून दिलेले गोचिडांचे औषध. रोज संध्याकाळी कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली हात फिरवून पाहावे. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. बोटांनी चिरडू नये, काडीने जाळू नये.

कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्याने कुत्र्याला आंघोळ घालायला हरकत नाही, पण तेवढ्यावर विसंबू नये. कापूर, रॉकेल आणि खरजेवर लावले जाणारे गाडीचे जळके ऑइल मात्र पूर्ण बंद. प्राणी अंग चाटतो आणि ते सगळे पोटात जाते. कुत्र्याचे गोचिडांचे औषध मांजराला लावू नये. त्यातली काही मांजराला विषारी असतात. आपल्या डब्यातली पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. सोयाबीनवर फवारणी चालू असेल तर शेताकडून आलेल्या कुत्र्याचे पाय लगेच धुवावेत, आणि उंदरांचे औषध टाकलेल्या शेतात त्याला मोकळे सोडू नये.

आता रेबीज. इथे घरगुती उपायाला जागाच नाही. पिलू ३ महिन्यांचे झाले की पहिली लस, वर्षाने दुसरी आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी. डिस्टेंपर, पार्वो वगैरेंची एकत्रित लस त्याआधीच, ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू होते आणि ३-४ आठवड्यांच्या अंतराने पुन्हा द्यावी लागते. पिसाळलेला कुत्रा पाण्याला घाबरतो, त्यामुळे पाणी पितो आहे तर तो ठीक आहे, असा समज पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. रेबीज झालेले कुत्रे पाणी पिऊ शकते. शिवाय प्रत्येक कुत्रे चवताळत नाही. काही कोपऱ्यात दडतात, जबडा लोंबतो, लाळ गळते. घशात हाड अडकले असावे असे वाटून घरचा माणूस तोंडात हात घालतो, आणि तिथेच घात होतो. चावा किंवा ओरखडा बसला तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी आणि सगळे डोस पूर्ण करावेत. जखम खोल असेल तर तिथेच इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

मादी पाळत असाल आणि पिले नको असतील तर नसबंदी वेळेवर करावी. ‘निसर्गाविरुद्ध’ म्हणून ती टाळणाऱ्या घरांत उतारवयातल्या कुत्रीच्या गर्भाशयात पू होण्याचा धोका राहतो. माजानंतर काही आठवड्यांनी तहान वाढली, स्राव दिसला, खाणे सुटले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

वजनासाठी काट्याची गरज नाही, बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत. दात प्राण्यांच्या टूथपेस्टने घासावेत, आपल्या नव्हे. सात वर्षांनंतर वर्षातून एकदा रक्ततपासणी करावी. लसींच्या तारखा, जंतांच्या औषधाची मात्रा आणि वजन यांसाठी एक वही ठेवावी आणि तिच्या पहिल्या पानावर मध्य प्रदेशातील फिरत्या पशुवैद्यकीय वाहनाचा क्रमांक लिहावा: १९६२.